पाणबुरशी ओळखताना या चुका टाळा

मृगाचे दोन पाऊस झाले की सोलापुरातल्या माझ्या टेबलावर पिशव्या येऊ लागतात. कुणाची पपई बुडाशी कुजलेली, कुणाच्या लिंबाला डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग), कुणाची मिरचीची रोपं वाफ्यातच आडवी. या तिन्हींमागे पाणबुरशी असू शकते. पण तपासणीत दर वर्षी त्याच चुका होतात आणि रिपोर्टवर भलतंच नाव लागतं.

मुळात ही खरी बुरशीच नाही. वंशाने ती तपकिरी शैवालांच्या जवळची. पेशीभित्तीत सेल्युलोज, पेशीपटलात खऱ्या बुरशीतलं एर्गोस्टेरॉल हे स्निग्धद्रव्य नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिच्यावर चालत नाही हे विद्यार्थ्यांना पाठ असतं, पण नमुना मात्र ते साध्या बुरशीसारखाच हाताळतात.

सगळ्यात महागात पडते ती कुजून गेलेला तुकडा घेण्याची चूक. मोहोळ तालुक्यातल्या एका लिंबाच्या बागेतून आमच्या विद्यार्थ्याने एप्रिलमध्ये मेलेल्या झाडाची काळी मुळं आणली, तीही दुचाकीच्या डिकीत, भर दुपारी. मग वरचे जंतू मारायला मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवून बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या माध्यमावर ठेवली. चौथ्या दिवशी प्लेटभर फ्युजेरियम, म्हणजे खरी बुरशी. रिपोर्ट गेला, मालकांनी दोनदा कार्बेन्डाझिमची आळवणी केली आणि पावसाळ्यात शेजारची ओळही वाळली. त्यांचा फोन आला, "सर, औषध तुमच्याच कागदावरचं होतं." मला उत्तर सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये मी स्वतः गेलो. नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडाखालची बारीक मुळं आणि ओली माती घेतली. माती पाण्यात भिजवून वर लिंबाच्याच कोवळ्या पानांच्या चकत्या तरंगत सोडल्या. तिसऱ्या दिवशी चकत्यांच्या कडेला बीजाणुधान्या (बीजाणूंच्या पिशव्या) दिसल्या, लिंबासारख्याच, टोकाला फुगीर बोंडी असलेल्या. फायटोफ्थोरा ही पाणबुरशी तिथेच होती. मेलेल्या मुळात फ्युजेरियम मागाहून येऊन बसतं आणि प्लेटवर सगळ्यांच्या आधी धावतं.

तेव्हापासून मी तुकडा निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरूनच कापतो, वाहत्या पाण्यात धुतो, टिपकागदावर कोरडा करतो. मर्क्युरिक क्लोराइड नाही. नमुना फ्रीजमध्ये नाही, उन्हातही नाही. त्याच दिवशी प्लेटवर. माध्यमात खरी बुरशी आणि जिवाणू रोखायला पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफॅम्पिसिन घालतो. हायमेक्साझोल घातलं तर बहुतेक पिथियम, म्हणजे पाणबुरशीचाच दुसरा वंश, वाढतच नाही, तेव्हा पिथियम शोधत असाल तर ते वगळा.

दुसरी चूक घाईची. तंतूंना आडपडदे दिसले नाहीत की मुलं लगेच 'पिथियम' लिहून मोकळी होतात. फायटोफ्थोराचेही तंतू तसेच असतात! फरक चलबीजाणू (पाण्यात पोहणारे बीजाणू) बाहेर पडताना दिसतो. फायटोफ्थोरात ते बीजाणुधानीच्या आतच तयार होतात. पिथियममध्ये आतला ऐवज नळीतून बाहेरच्या पातळ पिशवीत येतो आणि तिथे चलबीजाणू घडतात. वर 2010 साली फायटोपिथियम हा वेगळा वंश मांडला गेला; त्याच्या बीजाणुधानीला फायटोफ्थोरासारखी बोंडी आणि सुटका पिथियमसारखी. म्हणून ही सुटका डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी वंशाचं नाव लिहीत नाही. बीजाणुधान्या वीस-तीस मिनिटं गार ठेवायच्या, मग खोलीच्या तापमानाला आणून सूक्ष्मदर्शकाखाली थांबायचं. तास जातो, कधी दोन. तेवढा धीर नसेल त्याने हे काम घेऊ नये. नळाचं पाणी वापरू नका, क्लोरिनने चलबीजाणू मरतात. मी विहिरीचं पाणी गाळून, उकळून, गार करून घेतो.

फायटोफ्थोरा निकोशियानी या प्रजातीच्या एकाच कल्चरमध्ये निषिक्तांडांची (मीलनातून बनणाऱ्या बीजाणूंची) वाट पाहू नका, त्याला सहसा विरुद्ध जोडीचं कल्चर लागतं.

द्राक्षाचा डाऊनी (केवडा) हीही पाणबुरशीच, पण तो प्लेटवर वाढत नाही, तो जिवंत पानावरच जगतो. भुरी ही खरी बुरशी. डाळिंबाचा तेल्या तर जिवाणूचा. त्याचा इथे संबंधच नाही.

आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं. आयटीएस या डीएनएच्या भागाचा तुकडा पाठवायचा, डेटाबेसमध्ये पहिलं येईल ते नाव उचलायचं, हा सध्याचा सर्रास शॉर्टकट. जवळच्या प्रजाती आयटीएसवर नेहमी वेगळ्या पडत नाहीत, आणि डेटाबेसमधली काही नावंच चुकीची आहेत. मी कॉक्स-1 हे दुसरं जनुक जोडीला घेतो आणि बीजाणुधानीशी पडताळतो. पडताळा होईपर्यंत 'फायटोफ्थोरा प्रजाती' एवढंच लिहितो. मोहोळच्या मालकांना दुसऱ्या कागदावर तेवढंच लिहून दिलं, आणि खाली: आधी निचऱ्याचे चर काढा, खोडाला माती चढवू नका.