उंटाला उडायला शिकवण्याआधी: बुद्धिबळाचे नवे प्रकार खेळताना या चुका टाळा

कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात माळ्यावरचा पट खाली येतो. साधं बुद्धिबळ दोन दिवस पुरतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, "भावा, काहीतरी वेगळं खेळूया की." तिथून पुढं निम्मा वेळ खेळ आणि निम्मा वेळ भांडण. दहाबारा पावसाळे तीच भांडणं ऐकतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

घड्याळाशिवाय बगहाउस

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बगहाउस म्हणजे चौघं, दोन पट, दोन जोड्या. मी पांढरं खेळत असेन तर माझ्या जोडीदारानं काळं खेळायचं. कारण मी मारलेला काळा मोहरा त्याच्या हातात जातो आणि तो आपल्या चालीऐवजी तो मोहरा रिकाम्या घरात ठेवू शकतो. प्यादं मात्र पहिल्या आणि आठव्या रांगेत ठेवता येत नाही. जोडीदारासोबत एकाच रंगाच्या सोंगट्या घेऊन बसणारे लोक दरवर्षी भेटतात. पहिला मोहरा मारल्यावर "आता हा काळा घोडा मी पांढऱ्यात कसा घालू?" असं विचारतात.

2021च्या जुलैत पूर आला, महामार्ग बंद झाला आणि पुण्याला निघालेला माझा मेहुणा आमच्याकडंच अडकला. तो माझा जोडीदार. समोर धाकटा चुलतभाऊ आणि शेजारचे अण्णा. घड्याळ कुणाला हवं होतं? "घरातल्या घरात कशाला घड्याळ" असं मीच म्हणालो होतो. विसाव्या चालीच्या आसपास चुलतभावानं मेहुण्याला हत्तीनं लांबून शह दिला. राजाला पळायला घर नाही, हातात एकही मोहरा नाही. मेहुण्यानं हाताची घडी घातली. "दाजी, काहीतरी मारून द्या. मध्ये घालतो, मग खेळतो."

चुलतभाऊ म्हणाला ही मात. मेहुणा म्हणाला मोहरा आला की शह अडतो, मग मात कशी? आमच्या पटावर चाल अण्णांची होती. अण्णा हुशार. मला काही मारू द्यायचं नाही म्हणून त्यांनीही खेळणं बंद केलं. "तो खेळला की मी खेळतो." पन्नास मिनिटं चौघंही पटाकडं बघत बसलो. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "चहाला तरी हात लावा, का त्यालाही घोडाच यायला पाहिजे?" शेवटी लाइट गेली आणि डाव मोडला.

खरं तर मेहुण्याचं काही चुकलं नव्हतं. बगहाउसमध्ये मोहऱ्याची वाट बघत बसणं हा डावपेचच आहे. पण त्याची किंमत घड्याळात मोजायची असते. घड्याळ नसेल तर वाट बघणं फुकट, आणि फुकट मिळालं की कोण सोडतंय? आता आमच्याकडं दोन्ही पटांना घड्याळ, प्रत्येकाला 5 मिनिटं. फोनवर फुकट ॲप मिळतं. हातात काही नसताना लांबून आलेला शह ही मात धरायची की थांबायला मुभा, हे पहिल्या चालीआधी कागदावर लिहितो. आमचा नियम: मोहरा मध्ये घालून शह अडू शकत असेल तर मात नाही. तुम्ही उलटं ठरवा, पण ठरवा.

वजिराला घोड्याची उडी

नवीन मोहरा बनवायला बसलेला प्रत्येक पोरगा पहिल्यांदा हाच बनवतो. इंजिनीअरिंगला असलेल्या माझ्या भाच्यानं एका रात्रीत 10×10चा पट आखला, त्यात हा महावजीर, उड्या मारणारा उंट आणि दोनदा चालणारा राजा घातला. "मामा, जगात भारी झालंय." पहिला डाव अकराव्या चालीला संपला, दुसरा नवव्या. हा महावजीर एकटा, स्वतःच्या राजाच्या मदतीशिवाय, उघड्या राजाला मात करू शकतो. असा पैलवान आखाड्यात उतरल्यावर बाकीच्यांनी करायचं काय, कडेला बसून शेंगा खायच्या?

त्याहून मोठी चूक म्हणजे चार बदल एकदम करणं. खेळ बिघडला तर बिघाड कशामुळं, ते कळायला मार्गच उरत नाही. मी एका वेळी एकच बदल करतो आणि बाजू बदलत किमान सहा डाव खेळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "एवढा वेळ कुणाला आहे?" मग साधं बुद्धिबळ खेळ बाबा, त्याला कुणी नको म्हटलंय?

मांडणी बदलली की प्रत्येक प्यादं कुणीतरी राखतंय का, ते बघायचं. हे मोठ्यांचंही सुटतं. विश्वविजेत्या कापाब्लांकानं 1920च्या दशकात 10×8च्या पटाचा प्रकार सुचवला. त्यात उंट अधिक घोडा आणि हत्ती अधिक घोडा असे दोन नवे मोहरे होते. त्याच्या एका मांडणीत पांढऱ्याचं उजवीकडून दुसरं प्यादं सुरुवातीलाच कच्चं राहतं. कच्चं प्यादं असलं म्हणजे खेळ टाकाऊ असं नाही, पण आपल्याला माहीत तरी असावं.

आता बाकीच्या चुका.

एका पाळीत दोन चाली असा खेळ असेल तर पांढऱ्याला पहिल्या पाळीत एकच चाल द्या. पहिल्या चालीनं शह बसला तर दुसरी चाल मिळत नाही.

माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरच्या 960मध्ये (मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडायचे; हा प्रकार त्यानं 1996मध्ये ब्युनोस आयर्समध्ये जाहीर केला) किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, करताना राजा दोन घरं सरकवू नका. राजा आणि हत्ती कुठूनही निघोत, पोचतात ते नेहमीच्याच घरांत. आणि मांडणी "मनानं" करू नका. माणूस मनानं ठेवायला लागला की हत्ती कोपऱ्यातच जातात. चिठ्ठ्या टाका: पांढऱ्या घरातल्या उंटाला 4 जागा, काळ्या घरातल्या उंटाला 4, उरलेल्यांत वजिराला 6, दोन घोड्यांच्या 10 जोड्या. राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. गुणाकार करून बघा, 960च येतो.

मारलेले मोहरे परत येणाऱ्या खेळात प्यादं बढती घेऊन वजीर झालं तर त्याला रबरबँड लावा. तो मेला की प्यादं म्हणूनच हातात येतो. खूण नसेल तर "हा खरा वजीर होता" यावर शपथा सुरू होतात.

हरण्यासाठी खेळायच्या प्रकारात मारणं सक्तीचं आहे आणि राजाला शह नसतो. शह शह ओरडू नका.

आणि घरात जुनं माणूस असेल तर आधी त्यांचे नियम विचारा. आमचे आजोबा प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालवायचे, राजाला एकदा घोड्याची उडी द्यायचे आणि घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं घोडाच व्हायचं. आम्ही त्याला चूक म्हणायचो. मीर सुलतान खानही अशाच देशी नियमांवर वाढला आणि 1929, 1932, 1933 असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन गेला, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आजोबा माझ्याशी खेळायचे थांबले होते.