ऑफ-सीझनची गर्दी सुरू होण्याआधी: सिम्युलेशन टेम्प्लेटच्या तयारीची यादी

साखर कारखान्यांचे गाळप आवरत आले की सांगलीजवळच्या कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतल्या डिझाइन टेबलांवर एकाच जातीची कामे येऊन पडू लागतात. ऊस पिळणाऱ्या मिल रोलरचे रीशेलिंग (जुन्या शाफ्टवर नवे बाहेरचे कवच, म्हणजे शेल, चढवणे), शाफ्टची तपासणी, हेडस्टॉकची (रोलर धरणाऱ्या चौकटीची) दुरुस्ती, गिअरबॉक्सचा बेस. पुढचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू व्हायचा असतो आणि दरवेळी एफईएचे (भागाचे छोटे तुकडे पाडून संगणकावर ताण आणि वाक काढण्याच्या पद्धतीचे) मॉडेल शून्यापासून उभे करायला कुणालाच सवड नसते. म्हणून टेम्प्लेट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तयार साचा. पण टेम्प्लेटमध्ये नुसते क्लिक साठत नाहीत, त्यामागचे निर्णयही साठतात, आणि घाईत ते निर्णय कुणी पुन्हा तपासत नाही. म्हणून ही तयारी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी.

सुरुवात कागदावर करा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. मागच्या हंगामातली कामे समोर घ्या आणि तीन रकाने आखा: कधीच न बदलणारे, दरवेळी बदलणारे, आणि बदलत नाही असे वाटते पण बदलते ते. खरे काम तिसऱ्या रकान्यात आहे. मिल ३३ बाय ६६ इंची (रोलरचा व्यास आणि लांबी) असो की ३६ बाय ७२, मापे बदलणार हे सगळ्यांना ठाऊक असते. पण रीशेलिंगला आलेला शाफ्ट जुना असतो, शेल काढून पुन्हा लेथवर लागलेला असतो, त्यामुळे त्याचा व्यास मूळ ड्रॉइंगपेक्षा कमी भरू शकतो. हा व्यास टेम्प्लेटमध्ये कायमचा बसवून ठेवला तर आपण अस्तित्वातच नसलेल्या शाफ्टचे गणित करतो. त्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट पॅरामीटर म्हणून बाहेर काढा आणि शेजारी लिहा: ‘प्रत्यक्ष मोजून’ की ‘ड्रॉइंगवरून’.

एका टेम्प्लेटवर दहा प्रकारची कामे उरकण्याचा मोह टाळा. रोलरचे वेगळे, फॅब्रिकेटेड बेसचे वेगळे, पंपाच्या केसिंगचे वेगळे.

मग एकके. अबॅकस आणि कॅल्क्युलिक्स ही एफईएची सॉफ्टवेअर एकके विचारतच नाहीत, आकडे तुम्ही जसे द्याल तसे घेतात. मिलिमीटर, टन, सेकंद ही पद्धत धरली तर बल न्यूटनमध्ये आणि ताण मेगापास्कलमध्ये येतो, पण पोलादाची घनता ७८५० (किलो प्रति घनमीटर) न राहता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात होते आणि गुरुत्वत्वरण ९.८१ (मीटर प्रति सेकंद वर्ग) च्या जागी सुमारे ९८०७ होते. ही एकके आणि हे दोन आकडे टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीतच टिपेसारखे लिहून ठेवा. अँसिस या सॉफ्टवेअरमध्ये एकके निवडता येतात म्हणून निर्धास्त राहू नका, बाहेरून आणलेल्या तक्त्यातले आकडे कोणत्या एककात आहेत हे तिथेही तुम्हालाच पाहावे लागते.

मटेरियलला जास्त वेळ द्या. ग्रे आयर्नसाठी (साध्या बिडासाठी) केलेल्या पॅटर्नवर, म्हणजे साचा घडवायच्या नमुन्यावर, पोलाद ओतले तर कास्टिंग मापात बसत नाही, कारण आकसण्याची सूट ग्रे आयर्नला साधारण १ टक्का आणि पोलादाला २ टक्के धरतात. हे आपल्याकडच्या कोणत्याही फाउंड्रीत माहीत असते. टेम्प्लेटचेही तसेच. पोलादी बेससाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये एफजी २६० या ग्रे आयर्नचा ब्रॅकेट टाकला की नुसते यंग्ज मोड्युलस (धातूच्या ताठपणाचा आकडा) बदलून भागत नाही. ते पोलादाच्या साधारण निम्म्यापर्यंत खाली येते, म्हणजे वाक जवळजवळ दुप्पट होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रे आयर्न ठिसूळ आहे. ते ओढीत लवकर तुटते आणि दाबात बरेच जास्त सोसते, म्हणून तिथे फॉन मिझेस ताण (ओढ-दाब असा भेद न करणारा एकत्रित आकडा) पाहून निकाल द्यायचा नसतो, कमाल प्रमुख ताण (सर्वात मोठी ओढ) पाहायचा असतो. म्हणजे मटेरियल बदलले की निकालाचे पानही बदलायला हवे. तशी जोडी आधीच बांधून ठेवा: या धातूला हा निकष. आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या ई २५० पोलादाला सरसकट २५० मेगापास्कल यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो) देऊन टाकू नका. २० मिलिमीटरच्या वर जाडी गेली की २४० आणि ४० च्या वर २३० धरावे लागते.

पृष्ठभागांना नावे द्या. बहुतेक टेम्प्लेट मोडतात ते याच ठिकाणी. नवी भूमिती आणली की सॉफ्टवेअरचे अंतर्गत क्रमांक बदलतात आणि बेअरिंगवर लावलेला भार शेजारच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. म्हणून (जर्नल म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) ‘जर्नल-ड्राइव्ह बाजू’, ‘जर्नल-मोकळी बाजू’, ‘शेलचा आतला भाग’ अशी नावे ठरवा आणि निवड शक्यतो स्थान, त्रिज्या यांसारख्या निकषांवर करा. कॅडवाल्या माणसालाही हीच नावे द्या, म्हणजे मॉडेल तिकडूनच नावांसकट येईल.

मेशबद्दल, म्हणजे मॉडेलच्या तुकड्यांच्या (एलिमेंटच्या) जाळीबद्दल, आकडा साठवू नका, नियम साठवा. ‘१० मिलिमीटर’ हे एका मिलला बरोबर आणि दुसरीला भरड ठरेल. जर्नलच्या खांद्याशी असलेल्या फिलेटवर (गोलावलेल्या कोपऱ्यावर) किती एलिमेंट यायला हवेत ते लिहा, कारण रोलर फिरताना तिथला ताण प्रत्येक फेऱ्यात ओढ आणि दाब असा उलटतो आणि थकव्याची चीर तिथूनच सुरू होण्याचा धोका असतो. टेट्रा (चार पृष्ठांच्या एलिमेंटचे) मेश असेल तर दुसऱ्या क्रमाचेच, म्हणजे कडांच्या मध्यावरही बिंदू असलेले, एलिमेंट घ्या. पहिल्या क्रमाचे टेट्रा वाकताना खोटे कडक वागतात.

आता श्रिंक फिट. कास्ट आयर्नचा शेल फोर्ज्ड शाफ्टवर तापवून चढवतात आणि त्या पकडीवर टॉर्क पेलला जातो, म्हणून काँटॅक्टमधला इंटरफिअरन्स (शाफ्ट शेलच्या छिद्रापेक्षा जितका मोठा ते माप) हा रोलरच्या टेम्प्लेटचा गाभा आहे. दोन प्रश्न दरवेळी विचारले जातील अशी सोय करा. ड्रॉइंगवर इंटरफिअरन्स बहुधा व्यासावर दिलेला असतो, सॉफ्टवेअरमध्ये काँटॅक्टला द्यायचा तोच आकडा, म्हणजे ऑफसेट, मात्र पृष्ठभागाला लंब म्हणजे त्रिज्येवर घेतला जातो. म्हणून निम्मा भरायचा. आणि कॅड मॉडेलमध्ये शाफ्ट आधीच मोठा काढला असेल तर ऑफसेट शून्य ठेवायचा, नाहीतर तोच इंटरफिअरन्स दोनदा मोजला जातो. निकाल दिसायला सुंदर असतो, रंग जागच्या जागी असतात, म्हणून ही गफलत डोळ्याला सापडत नाही.

भार टेम्प्लेटमध्ये भरून ठेवायचा नाही, हा माझा आग्रह आहे. रकाना रिकामा राहू द्या, म्हणजे सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) तिथेच अडेल आणि माणसाला कागद उघडावाच लागेल. जुना आकडा राहिला की तो नव्या कामाचा म्हणून खपून जातो. वरच्या रोलरवरचा हायड्रॉलिक भार कारखान्याकडून दाबाच्या स्वरूपात येतो. समजा २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब आणि ३०० मिलिमीटर व्यासाचा प्लंजर (दाब देणारा दट्ट्या). क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर, भार सुमारे १४१ टन, म्हणजे १३.९ लाख न्यूटन, तोही फक्त एका बाजूच्या बेअरिंगवर. ‘एका बाजूचा’ हे शब्द रकान्याच्या नावातच घाला. अर्धे मॉडेल करून सममिती लावण्याची सवय इथे तपासून घ्या. नुसत्या वाकासाठी ते चालेल, पण टॉर्क एकाच टोकाने आत येतो आणि क्राउन पिनियनमधून (रोलरांना जोडणाऱ्या दातेरी चाकांमधून) खालच्या रोलरना वाटला जातो, तेव्हा टॉर्कसकट पाहायचे असेल तर पूर्ण रोलर घ्यावा लागतो.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर चित्र नको, ताळा हवा: लावलेला एकूण भार आणि आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज, मॉडेलचे वजन आणि ड्रॉइंगवरचे वजन, आणि हाताने केलेले एक साधे गणित. टेम्प्लेटसोबत एक छोटी कसोटीची फाइलही ठेवा. २० बाय २० मिलिमीटर छेदाची, ५०० मिलिमीटर लांब कँटिलिव्हर (एकाच टोकाला पक्की धरलेली पट्टी), टोकाला १०० न्यूटन, यंग्ज मोड्युलस २ लाख मेगापास्कल. टोकाचा वाक १.५६ मिलिमीटर आणि मुळाशी वाकाचा ताण ३७.५ मेगापास्कल यायला हवा. आधाराच्या अगदी कोपऱ्यात ताण जास्त दिसेल आणि मेश बारीक कराल तसा वाढत जाईल. तो आकडा सोडून मुळापासून थोडा बाजूचा ताण घ्या आणि सूत्राशी ताडून पाहा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की ही फाइल आधी चालवा, खरे काम मागाहून.

नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, तेव्हा नावात आवृत्ती, तारीख आणि जबाबदार माणसाची आद्याक्षरे टाका. विश्रामबागच्या वालचंद कॉलेजमधून किंवा साखराळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून प्रोजेक्टला मुले येतात. त्यांच्या शैक्षणिक परवान्यावर गिऱ्हाइकाचे काम चालवू नका. कॅल्क्युलिक्स मुक्त आहे, शिकायला आणि ताळा घ्यायला ते पुरते. बॅकअपची एक प्रत इमारतीबाहेर हवी. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत हे कुणाला वेगळे सांगायला नको.

हे सगळे झाले की टेम्प्लेट ज्याने केले नाही अशा माणसाच्या हाती द्या. उत्तर माहीत असलेले मागच्या हंगामातले एखादे काम त्याला पहिल्यापासून करायला सांगा आणि स्वतः शेजारी गप्प बसा. तो जिथे थांबून ‘साहेब, इथे काय भरायचं?’ असे विचारेल ती जागा टिपून घ्या आणि त्याचे उत्तर त्याच रकान्याशेजारी लिहा. जिथे न विचारता चुकीचे भरेल ती जागा रिकामी करा आणि तिथे मर्यादा घाला. एप्रिल उजाडायच्या आत अशी एक फेरी दोघांकडून तरी करून घ्या.