पायथॉनमधे फाईल लिहायची-वाचायची कशी, तेही मराठी मजकुरासकट

प्रोग्राम बंद झाला की व्हेरिएबलमधलं सगळं जातं, म्हणून घरखर्चाची नोंद वगैरे टिकवायची तर ती फाईलमधेच टाकावी लागते. खाली कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेत, ते टाईप करताना इंग्रजी अक्षरांतच करायचे, पण फा, ओळ, बेरीज ही आपण दिलेली नावं देवनागरीत ठेवली तरी पायथॉन ३ ला चालतात, बिनधास्त ठेवा.

आधी लिहिणं:

विथ ओपन("खर्च.टीएक्सटी", "ए", एन्कोडिंग="यूटीएफ-८") अ‍ॅज फा:
    फा.राईट("चहा,२०\एन")

दुसरी ओळ चार स्पेस आत. शेवटचं \एन विसरू नका, राईट स्वतःहून ओळ तोडत नाही, मग सगळा खर्च एकाच ओळीत चिकटतो.

आता ते "ए". म्हणजे आहे त्याच्या शेवटी जोड, फाईल नसेल तर नवी कर. बऱ्याच ठिकाणी सुरुवातच "डब्ल्यू"ने करायला सांगतात आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण डब्ल्यूने फाईल उघडली की त्याच क्षणी आतलं सगळं साफ होतं, तुम्ही एक अक्षर लिहायच्याही आधी, आणि पायथॉन "खात्री आहे का" असं विचारतसुद्धा नाही. नवी फाईलच हवी असेल तर "एक्स" वापरा, त्या नावाची फाईल आधीच असली तर एरर येतो आणि जुना डेटा वाचतो.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत, दरवेळी लिहाच. विंडोजवर ते दिलं नाही तर पायथॉन बऱ्याचदा सिस्टिमचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरतो, त्यात देवनागरी नसतेच, मग लिहिताना एरर नाहीतर वाचताना कचरा अक्षरं. यूटीएफ-८ मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, "चहा" म्हणजे च, ह आणि काना, एकूण ९ बाइट.

विथ कशाला? राईट केलेलं लगेच डिस्कवर जात नाही, आधी बफरमधे, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, थांबतं; विथचा ब्लॉक संपला की फाईल आपोआप बंद होते आणि उरलेलं लिहिलं जातं, मधे एरर आला तरी.

मग वाचणं:

बेरीज = ०
विथ ओपन("खर्च.टीएक्सटी", "आर", एन्कोडिंग="यूटीएफ-८") अ‍ॅज फा:
    फॉर ओळ इन फा:
        नाव, रक्कम = ओळ.स्ट्रिप().स्प्लिट(",")
        बेरीज = बेरीज + इंट(रक्कम)
प्रिंट(बेरीज)

"आर" म्हणजे फक्त वाच. स्ट्रिप शेवटचं \एन काढतं, स्प्लिट स्वल्पविरामापाशी ओळ तोडून नाव आणि रक्कम वेगळी करतं. पहिल्या ओळीतलं शून्य आणि यूटीएफ-८ मधला आठ मात्र इंग्रजीच टाका, कोडमधे अवतरणचिन्हांबाहेर मराठी आकडा चालत नाही, पण फाईलमधून आलेल्या "२०" चं इंट बरोब्बर वीस करतं, हे खरंच भारी आहे! "रु. २०" लिहिलंत तर नाही जमणार. फाईलमधे कुठे रिकामी ओळ राहिली तरी तिथे अडकेल.

फाईल सापडत नाही असा एरर आला तर बहुतेक वेळा फाईल असते, फोल्डर चुकलेलं असतं. नुसतं नाव दिलं की प्रोग्राम जिथून चालवला त्या फोल्डरमधे शोध होतो, कोड जिथे सेव्ह केलाय तिथे नाही. पूर्ण पत्ता द्या, आणि विंडोजवर उलट्या तिरक्या रेघेऐवजी सरळ / वापरा.