संदर्भग्रंथ पारखताना या चुका टाळा

यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे कोणत्या जिल्ह्यात? ग्रंथालयाच्या कपाटातल्या एका पुस्तकात सातारा, दुसऱ्यात सांगली. स्पर्धा परीक्षेचा वाचक दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवून विचारतो, "मॅडम, यातलं चुकीचं कुठलं?" चुकीचे कुठलेच नाही. जन्म १२ मार्च १९१३ चा आणि तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यातच होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचा इकडचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली ठेवले. येडेमच्छिंद्र, कुंडल ही प्रतिसरकारची (ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारची) गावे साताऱ्याच्या इतिहासात आणि सांगलीच्या नकाशात सापडतात, ती याच कारणाने.

संदर्भ विभागातल्या बऱ्याच तक्रारी या जातीच्या असतात. ग्रंथ खोटा नसतो. तो ज्या काळासाठी, ज्या कामासाठी तयार झाला त्याबाहेरचे काम आपण त्याच्या गळ्यात मारलेले असते. "हा ग्रंथ प्रमाण आहे का?" एवढेच विचारून कपाटात लावला की घोटाळा तिथेच सुरू होतो. कोणत्या प्रश्नासाठी आणि कोणत्या सालापर्यंत, हे विचारल्याशिवाय पारख पुरी होत नाही.

पुनर्मुद्रणाचे साल माहितीचे साल समजणे

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. शीर्षकपानाच्या मागे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. दाखल नोंदवहीत (आलेली पुस्तके चढवायच्या वहीत) मात्र घाईत शेवटचे साल चढते आणि वाचक तेच खरे मानतो. सातारा जिल्ह्याचे ब्रिटिश काळातले गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) १८८५ चे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड. स्वातंत्र्यानंतरचे सुधारित सातारा गॅझेटियर १९६३ चे, सांगलीचे १९६९ चे. तिन्ही कामाची आहेत, पण १८८५ च्या खंडाच्या नव्या छपाईवर ताजे साल दिसले म्हणून त्यातली पिके, बाजारपेठा आणि रस्ते आजचे होत नाहीत. नोंदवहीत दोन्ही साले लिहावीत: 'मूळ १८८५, पु.मु.' आणि पुढे छपाईचे साल.

माहिती कुठवरची आहे हे ताडायला एक सोपी खूण आहे. सांगली जिल्ह्याची नोंद उघडून तालुके मोजा. आज १० आहेत: मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. यादीत पलूस आणि कडेगाव दोन्ही नसतील, तर मुखपृष्ठावर काहीही छापलेले असो, मजकूर विसाव्या शतकातला. दुसरी खूण लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३०,०३,७४१ आणि सांगली २८,२२,१४३. २००१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २८,०८,९९४ आणि २५,८३,५२४ होते. 'अद्ययावत' असे ठळक छापलेल्या पुस्तकात २००१ चा आकडा निघाला, तर बाकीचे आकडे तपासायची तसदी घेऊ नका. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे त्या सालाच्या नावाने दिलेला जिल्ह्याचा आकडा हा अंदाज असतो, आणि तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो वाचकाला देऊ नये.

वार्षिकीच्या बाबतीत उलटा गोंधळ. मुखपृष्ठावरचे साल विक्रीचे असते, आतली आकडेवारी साधारण वर्ष-दोन वर्षे मागची. तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचल्याशिवाय आकडा सांगू नये.

वीस खंड एकाच वयाचे मानणे

मराठी विश्वकोश वाईत घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा, २० वा पुरा व्हायला २०१५ उजाडले. खंड वर्णक्रमाने निघत गेले, म्हणून नोंदीचे वय तिच्या आद्याक्षरावर ठरते. 'कराड' आणि 'कोयना' सुरुवातीच्या खंडांत, 'सांगली' आणि 'सातारा' शेवटाकडच्या. कराडची लोकसंख्या आणि साताऱ्याची लोकसंख्या एकाच कोशातून उतरवून एका तक्त्यात मांडली की मधली काही दशके गायब होतात. छापील खंडात हे निदान हाताला कळते. संकेतस्थळावर सगळ्या नोंदी सारख्याच दिसतात, म्हणून तिथे खंड क्रमांक आधी पाहावा.

याचा अर्थ जुने खंड बाजूला सारावेत असा नाही. लेखकाचे नाव असलेली नोंद, शेवटी संदर्भसूची, 'पहा' म्हणून दाखवलेल्या जोडनोंदी, हे सगळे विश्वकोशात आहे आणि संकल्पना, इतिहास, शास्त्राची मूलतत्त्वे यांसाठी तो आजही पहिला हाताशी घ्यावा. आकडे, पदाधिकारी आणि सीमा मात्र दुसरीकडून पडताळाव्यात.

आकडे जुळत नाहीत म्हणून एक ग्रंथ बाद करणे

कोयना धरणाची साठवण क्षमता पाहा. एका पुस्तकात ९८.७८ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), दुसऱ्यात २,७९७ दशलक्ष घनमीटर, वर्तमानपत्रात १०५.२५ टीएमसी. पहिले दोन आकडे एकच आहेत: १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दशलक्ष घनमीटर, आणि ९८.७८ ला त्याने गुणले की २,७९७ येतात. तिसरा मात्र खरोखर वेगळा आहे, कारण दरवाजांची उंची वाढवल्यावर क्षमता वाढली. म्हणजे आधी एकक बदलून पाहायचे, मग साल, आणि एवढे करूनही फरक उरला तरच चूक असल्याचा संशय घ्यायचा. हा क्रम उलटा केला की चांगले पुस्तक रद्दीत जाते. एकूण साठा आणि उपयुक्त साठा यांतला फरकही विसरू नये. बातमीत अनेकदा नुसते 'साठा' असते.

कोयनेच्या भूकंपाचे तर आणखी गमतीचे. आपल्याकडे सगळे ११ डिसेंबर १९६७ म्हणतात, काही आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये १० डिसेंबर सापडते. धक्का बसला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून तिकडे आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झालेली. तीव्रतेचे आकडेही ६.३ पासून ६.७ पर्यंत दिसतात, कारण मापनाची परिमाणे वेगवेगळी आहेत. अशा वेळी वाचकाला एकच आकडा ठासून सांगण्यापेक्षा आकडा, परिमाण आणि ग्रंथाचे नाव असे तिन्ही लिहून द्यावे.

पुराच्या पातळीतही हेच. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी फुटांत सांगतात, इशारा ४० वर, धोका ४५ वर. केंद्रीय जल आयोगाची नोंद मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून. फुटांचे मीटर केले तरी दोन्ही जुळणार नाहीत, कारण शून्यच वेगळे आहे.

शकात ७८ मिळवून मोकळे होणे

शकावरून इसवी सन काढताना सनावळ्यांची जंत्री (तिथी-तारखांचा तक्ता) जवळ नसली की शकात सरसकट ७८ मिळवले जातात. चैत्र पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ते बरोबर आहे. १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येते, जे चूक आहे. ७९ ने १६३० येते आणि १९ फेब्रुवारी १६३० ही मान्य तारीख जुळते. त्यातही ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगातली. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. एखाद्या परदेशी ग्रंथात १ मार्च दिसले तर लगेच लाल खूण करू नये.

हिंदी ग्रंथात हीच तिथी चैत्र कृष्ण तृतीया म्हणून आढळेल, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही मात्र खरोखरच वेगळी, १६२७ ची परंपरा आहे. इतिहासाचा संदर्भग्रंथ विकत घेण्याआधी त्यात या दोन्ही परंपरांचा उल्लेख आहे का आणि कोणती गणना वापरली ते प्रस्तावनेत सांगितले आहे का, एवढे पाहिले तरी लेखकाची शिस्त कळते.

सापडले नाही म्हणजे नोंदच नाही असे ठरवणे

काही कोश क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवतात, काही क आणि ज च्या पोटात. अनुस्वाराची जागाही कोशागणिक बदलते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघाला, म्हणजे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या कितीतरी आधी. त्यात 'नाव' शोधताना 'नांव' ही पाहावे लागते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीतही जुनी लेखनपद्धत आहे. कोशाच्या सुरुवातीची दोन-तीन पाने, संक्षेप आणि वर्णक्रम सांगणारी, आपल्याकडे कोणी वाचत नाही. ग्रंथपालाने तरी वाचावीत आणि वर्णक्रमाची चिठ्ठी आतल्या बाजूला चिकटवावी.

ब्रिटानिकाची १५ वी आवृत्ती असेल तर थेट मोठ्या लेखांच्या खंडात शिरू नका. निर्देशसूचीचे (कोणता विषय कुठल्या पानावर ते सांगणारे) खंड आधी. ही सूची १९८५ च्या फेररचनेत जोडली गेली, त्यामुळे त्याआधीचा संच दान म्हणून आला असेल तर तो वापरायला जडच जाणार. छापील ब्रिटानिका २०१० च्या मुद्रणानंतर बंद झाली, म्हणजे कुणी 'नवा संच' म्हणून विकायला आले तर समजून घ्या.

गावांची नावे बदलतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याची घोषणा राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये केली. तालिकेत (ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीत) दोन्ही नावांची नोंदपत्रे ठेवून एकावरून दुसऱ्याकडे 'पहा' द्यावे. जुने पत्र काढून टाकू नये, कारण जुन्या ग्रंथांत जुनेच नाव राहणार.

एकाच मजकुराच्या तीन नकला म्हणजे तीन पुरावे मानणे

नेटवर तीन ठिकाणी तेच वाक्य सापडले की वाचकाला खात्री पटते. ते वाक्य अवतरणचिन्हात घालून शोधा. शब्दन्‌शब्द सारखे निघाले तर पुरावा एकच. ब्रिटानिकाची १९१०-११ ची ११ वी आवृत्ती स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि तिचा मजकूर किती ठिकाणी नवा कपडा घालून बसला आहे याला गणती नाही. विकिपीडियावर 'इतिहास पहा' मध्ये शेवटचा बदल कधी झाला ते आणि 'चर्चा' पानावर वाद आहे का ते पाहावे. उद्धृत करायचेच असेल तर त्या दिवसाच्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्यावा.

चॅटबॉटने दिलेली ग्रंथसूची वाचक हल्ली छापून आणतात. त्यातले प्रत्येक पुस्तक अस्तित्वात आहे असे धरू नका. शीर्षक, लेखक आणि प्रकाशक हे त्रिकूट एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेत एकत्र सापडले पाहिजे. १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असेल तर दोन मिनिटांत हिशेब होतो: पहिले १२ अंक आलटूनपालटून १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, पुढच्या दशकापर्यंत जो अंक कमी पडतो तो १३ वा असायला हवा. बेरजेच्या शेवटी शून्य असेल तर १३ वा अंकही शून्य. जुळला नाही तर आकडा बनावट किंवा चुकून उतरवलेला. जुळला तरी पुस्तक चांगले असे होत नाही. ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा क्रमांक ते भारतातल्या प्रकाशकाचे आहे, एवढेच सांगतो.

मार्चअखेरची खरेदी आणि घाईचे निर्लेखन

अनुदान खर्ची टाकायची तारीख जवळ आली की विक्रेत्याच्या यादीवर टिक मारून संच घेतले जातात. जाडजूड बांधणी आणि रंगीत चित्रे पाहून घेतलेले 'ज्ञानकोश' पुढे कुणी उघडत नाही. ऑर्डरआधी नमुना प्रत मागा आणि तिला सहा प्रश्न विचारा: चारांची उत्तरे तुम्हाला पक्की माहीत असावीत, एक स्थानिक असावा (वर दिलेले देवराष्ट्रे चालेल), एक असा की ज्यावर मतभेद आहेत. मतभेदाच्या प्रश्नावर ग्रंथ दोन्ही बाजू देतो की एकच रेटतो, यावरून बरेच कळते. लेखकाचे नाव, संदर्भसूची आणि निर्देशसूची यांपैकी दोन गोष्टी नसतील तर तो संदर्भ विभागात नको, देवघेव विभागात ठेवा. परीक्षेची गाईडे संदर्भग्रंथांच्या कपाटात लावूच नयेत. अभ्यासिकेत असू द्यावीत.

निर्लेखनात, म्हणजे जुनी पुस्तके बाद करताना, कायद्याच्या पुस्तकांवर आधी कुऱ्हाड पडते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, म्हणून भारतीय दंड संहितेची पुस्तके बाद करू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात आणि तसे खटले अजून चालू आहेत. करायचे ते एवढेच: मुखपृष्ठावर '३० जून २०२४ पर्यंतच्या गुन्ह्यांसाठी' अशी ठळक चिठ्ठी लावायची आणि आत वारंवार विचारल्या जाणाऱ्या कलमांची जोडी लिहायची. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३, फसवणुकीचे ४२० आता ३१८. नवे पुस्तक त्याच खणात शेजारी ठेवावे. एक वर आणि एक खाली ठेवले की वाचक हाताला येईल तेच उचलतो.