चांद्रधुळीसाठी चाक तपासताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या रोव्हरची, म्हणजे चंद्रावर चालणाऱ्या गाडीच्या नमुन्याची, चाचणी बघायला गेलं की पेटीत हमखास नदीची वाळू दिसते. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. नदीची वाळू वाहून, घासून गोल झालेली असते. चंद्रावर ना वारा, ना पाणी. तिथला खडक अब्जावधी वर्षं उल्कांच्या माऱ्याने फुटत आला, त्यामुळे कणांच्या कडा धारदारच राहिल्या. काही कण वितळून झालेल्या काचेने एकमेकांना चिकटलेले. या भुसभुशीत थराला रेगोलिथ म्हणतात. वजनाने त्याचा जवळपास निम्मा भाग 0.1 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो.

एका संघाचं चाक वाळूच्या चढावर झकास चढत होतं. मी म्हटलं, क्रशरची डस्ट, म्हणजे खडी फोडताना पडणारी दगडाची भुकटी, आणा, चाळा आणि पुन्हा बघा. "सर, आता वेळ नाही." स्पर्धेत समोर बारीक डस्टच होती. चाक जागच्या जागी फिरायला लागलं. घाबरून मुलांनी मोटरचा वेग वाढवला आणि चाक आसापर्यंत रुतलं. रुतल्यावर वेग वाढवणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं. मंगळावर 2009 मध्ये स्पिरिट रोव्हर पातळ कवचाखालच्या मऊ थरात अडकला, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

आपल्याकडची डस्ट बहुधा काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. चंद्रावरच्या काळपट मैदानांसाठी ती बरी. उजळ डोंगराळ भागात अॅनॉर्थोसाइट नावाचा फिकट खडक असतो. त्यासाठी इस्रोने तमिळनाडूत नामक्कलजवळच्या सित्तमपूंडीचा दगड वापरला.

दुसरी चूक ओलीची. पावसाळ्यात डस्ट गुपचूप ओल धरते, कण एकमेकांना धरून राहतात आणि चाक फसवं चांगलं चालतं. मुठीत आवळून लाडू वळला तर मी चाचणी घेतच नाही. रात्रभर 110 अंशांवर ओव्हनमध्ये वाळवतो. बादलीने ओतून वरून थापटत बसणंही मला पटत नाही. चाळणीतून पाडतो, आणि पेटीत किती वजन, किती खोली, हे दर वेळी वहीत लिहितो. कंटाळवाणं आहे, पण हे न करता दोन चाकांची तुलना करणाऱ्यांचे आकडे मी बघत नाही.

चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश भरतं, म्हणून रोव्हर एक षष्ठांश वजनाचा केला की चंद्र झाला, असं समजू नका. तिथे कणांचंही वजन तेवढंच घटलेलं असतं.

मास्कशिवाय डस्ट चाळू नका. यात सवलत नाही.

आणि चाचणी संपली की बेअरिंग उघडून बघा, आत धूळ शिरली आहे का. अपोलो 17 च्या गाडीचा मडगार्ड 1972 मध्ये तुटला, तेव्हा उडणारी धूळ अडवायला अंतराळवीरांना नकाशे चिकटपट्टीने जोडून नवा मडगार्ड करावा लागला होता.