साउंड कार्ड आणि स्पीकर घेताना होणाऱ्या या चुका टाळा

संगणकाचा आवाज मनासारखा येत नाही असे वाटले, की बहुतेकांचा पहिला संशय साउंड कार्डावर जातो आणि पहिला खर्चही त्यावरच होतो. ही सवय जुनी आहे आणि एके काळी ती बरोबरही होती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये पहिले साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले, तेव्हा वेगळे कार्ड बसवल्याशिवाय बहुतेक पीसीतून बीप-बीप याखेरीज फारसे काही निघत नसे. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली आणि आवाजाची सोय मदरबोर्डावरच आली. आजच्या मध्यम किमतीच्या बोर्डावरील चिप सीडीच्या दर्जाचा आवाज सहज देते. त्यामुळे तीन हजारांचे स्पीकर तसेच ठेवून पाच हजारांचे कार्ड घेणे म्हणजे खर्चाचा क्रम उलटा करणे होय. आधी स्पीकर किंवा हेडफोन, मग त्यांची जागा आणि सगळ्यांत शेवटी कार्ड, असा क्रम ठेवला तर कार्डाची वेळ अनेकांवर येतच नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण येत असे. गाणे सुरू असताना ती झाकली जाई, पण गाणे संपून दुसरे सुरू होण्याआधीच्या क्षणी नेमकी कानावर येई. दोष बोर्डावरच्या चिपचा असणार असे गृहीत धरून मी नवे कार्ड बसवले आणि पुन्हा ऐकले, तर गुणगुण तशीच होती. पुढे फर्निचर हलवताना स्पीकरची पिन समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटमधून काढून संगणकाच्याच एक्स्टेन्शन बोर्डात घातली आणि खोली एकदम शांत झाली. संगणक एका सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या सॉकेटवर असल्याने दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडत होता आणि ऑडिओ केबलच्या आवरणातून त्या फरकाचा प्रवाह फिरत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत, एकसुरी ऐकू येते. याला ग्राउंड लूप म्हणतात आणि नवे कार्ड हा त्यावरचा उपाय नाही.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी आवाजाचे मूळ शोधावे. ऑडिओ केबल संगणकाच्या बाजूने काढावी, तिचे मोकळे टोक कुठल्या धातूला लागणार नाही असे ठेवावे आणि स्पीकर चालू ठेवून ऐकावे. तरीही गुणगुण येत असेल, तर दोष स्पीकरमध्ये, त्याच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. थांबली, तर केबल पुन्हा लावून सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणावीत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. गुणगुण गेली, तर चार्जर दोषी. मॉनिटरला जोडलेल्या सेट टॉप बॉक्सची केबलवाल्याकडून आलेली वायरही पुष्कळदा हेच करते, तीही काढून पाहावी. एवढे करूनही आवाज राहिला, तर काहीशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा किंवा स्पीकरला सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरावी, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाकणे हा काही जण सांगतात तो उपाय मात्र कधीही करू नये. गुणगुण जाते हे खरे, पण पुढे कधी आत वायर सुटून धातूच्या पेटीला लागली, तर शॉक हाताला बसतो.

गुणगुणीपेक्षा वेगळी तक्रार म्हणजे खरखर. माउस हलवला की चिरचिर, गेममध्ये दृश्य बदलले की किर्र, असा आवाज येत असेल तर तो कॅबिनेटच्या आतला विद्युत गोंगाट आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून लांबवर फिरवलेली असते आणि वाटेत हा गोंगाट ओढून घेते. हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून पाहावा, अर्धी प्रकरणे तिथेच मिटतात. नाहीच मिटले, तर स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डापेक्षा यूएसबीने जोडायचा बाहेरचा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचे कानाला ऐकू येणाऱ्या संकेतात रूपांतर करणारी डबी, घेणे शहाणपणाचे, कारण स्लॉटमधले कार्ड शेवटी त्याच गोंगाटात जाऊन बसते. शिवाय आजची जाडजूड ग्राफिक्स कार्डे शेजारचा लहान स्लॉट झाकून टाकतात, आणि कार्ड आणल्यावर ते बसतच नाही हे कळते तोवर उशीर झालेला असतो.

स्पीकरच्या खोक्यावरचा आकडा हे दुसरे मृगजळ आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत उभे राहून पाहिले तर ‘पीएमपीओ’ या अक्षरांमागे हजारांत वॅट छापलेले दिसतात. पीएमपीओ हे कुठल्याही एका ठरलेल्या पद्धतीने मोजले जात नाही. क्षणभरासाठी कल्पिलेली ताकद सगळ्या स्पीकरांची मिळून फुगवून लिहिलेली असते. विचारायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा. तोही पटला नाही तर अ‍ॅडॉप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे १२ व्होल्ट आणि २ अँपियर लिहिले असेल, तर भिंतीतून मिळणारी सगळी ताकद २४ वॅट. त्याहून जास्त वॅट स्पीकर सतत देऊ शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. टेबलावर दोन-तीन फुटांवरून ऐकणाऱ्याला १५-२० वॅट आरएमएस पुरून उरतात.

आता २.१ संचांविषयी, कारण संगीतासाठी सर्वाधिक फसगत इथे होते. दोन चिमुकले स्पीकर आणि टेबलाखाली एक सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, ही रचना दुकानात रुबाबदार वाटते. पण दोन-अडीच इंचाचा स्पीकर खालचे सूर वाजवू शकत नाही, म्हणून सबवूफरला खूप वरपर्यंतचे सूर उचलावे लागतात. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, त्याच्या वरचा मात्र कळू लागतो, आणि मग गायकाचा गळा मॉनिटरसमोर व त्याचा खर्ज टेबलाखाली अशी विचित्र मैफल बसते. दुकानात जाताना तबल्याचे एखादे चांगले एकलवादन सोबत न्यावे. चाटीवरचा ‘ना’ कोणताही स्पीकर खणखणीत वाजवतो. खरी परीक्षा डग्ग्याची असते. वादक मनगट दाबून सरकवतो तेव्हा ‘घे’चा सूर वळत वर चढताना ऐकू आला पाहिजे, त्याऐवजी नुसती ‘धप्प’ अशी थाप आली, तर तो सबवूफर एकच सूर जोरात वाजवणारा आहे. तेवढ्याच पैशांत चार इंची वूफरचे दोन साधे स्पीकर मिळत असतील तर मी तेच घेईन. स्फोटांच्या गेमसाठी ज्यांना जमीन हादरलेली आवडते त्यांचे मत वेगळे असू शकते, आणि शेजाऱ्यांचे त्याहून वेगळे.

चांगले स्पीकर आणून ते वाईट जागी ठेवणे हा तर घरोघरीचा प्रकार आहे. एक मॉनिटरच्या मागे, दुसरा खिडकीत, दोन्ही थेट टेबलावर आडवे. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर, कानाच्या उंचीवर यावेत, आणि मागे भोक असलेला स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर पुढे असावा. उंची नसेल तर खाली पुस्तके ठेवून स्पीकर किंचित वर कलता करावा. सबवूफर कोपऱ्यात सारला की बेस फुगतो आणि घोंघावतो. जागा शोधायची जुनी युक्ती थोडी हास्यास्पद आहे, पण लागू पडते: सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवायचा, ओळखीचे गाणे लावायचे आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचे, जिथे बेस नेटका ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे बघत नसताना करावे.

गेमसाठी ५.१ किंवा ७.१ संच, म्हणजे पाच किंवा सात स्पीकर आणि एक सबवूफर, घेण्याचा मोह दहा बाय दहाच्या खोलीत आवरावा, कारण मागचे दोन स्पीकर ठेवायला तिथे जागाच नसते. पावलांची दिशा ओळखायची असेल तर बरा हेडफोन आणि गेममधली हेडफोनची सेटिंग पुरते. इथे एक चूक फार आढळते: गेममध्ये त्रिमितीय आवाज चालू, विंडोजमध्ये आभासी सराउंड चालू आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्येही ७.१ चालू. एकाच आवाजावर तीनदा संस्कार झाले की दिशा कळण्याऐवजी सगळे बोगद्यात घडल्यासारखे वाटते. तिन्हींपैकी एकच ठेवावे, आणि संगीत ऐकताना तेही बंद करावे. ऑप्टिकल केबलने गेमचा ५.१ आवाज हवा असेल, तर तो आवाज त्या केबलमधून जाईल असा दाबून पाठवणारी डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्टची सोय लागते. नसल्यास दोनच चॅनेल येतात. जुन्या गेममधल्या ईएएक्स या, जागेनुसार आवाज घुमवणाऱ्या परिणामासाठी जुने कार्ड शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने कार्डाकडून थेट काम करून घेणारा तो मार्गच बंद केला.

ब्लूटूथ हेडफोन गाण्यांना चालतो, गेमला नाही. गोळी सुटल्यावर शे-दोनशे मिलिसेकंदांनी आवाज येतो, आणि माइक चालू करताच बहुतेक हेडफोनचा आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा चपटा होतो. हा बिघाड नाही. माइकसाठी ब्लूटूथ वेगळ्या, हलक्या दर्जाच्या पद्धतीवर जातो.

‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ या आकड्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ माणसाच्या २० किलोहर्ट्झपर्यंतच्या श्रवणाला पुरतात. २५० ओमचा स्टुडिओ हेडफोन घेणाऱ्याने मात्र त्याला पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर आहे का हे पाहावे, नाहीतर आवाज पूर्ण वाढवूनही तो कुजबुजतच राहतो.

अचानक आवाजच बंद झाला तर स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी विंडोजमध्ये आवाज कुठे पाठवला जातो आहे ते पाहावे. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर आवाज एचडीएमआयवरून मॉनिटरकडे वळतो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात. हेडसेटचा माइक डेस्कटॉपवर चालत नसेल तर त्याची पिन पाहावी: तीन काळ्या रेघांची पिन फोनच्या जॅकसाठी असते, डेस्कटॉपच्या हिरव्या व गुलाबी जॅकसाठी दोन टोकांची छोटी केबल लागते. पेटी-कीबोर्ड ध्वनिमुद्रित करताना तडतड येत असेल तर बफर, म्हणजे आवाजाचे तुकडे क्षणभर साठवण्याची जागा, वाढवावा. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद, आणि एवढा उशीर बोटांना जाणवत नाही.

जुने स्पीकर घेताना पुढची जाळी काढून वूफरच्या कडेची वळी बोटाने हळूच दाबावी. ती फोमची असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षांनी भुसभुशीत होते आणि बोटाला काळी पूड लागते. रबराची असेल तर बरीच टिकते. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येणे हे मात्र स्पीकर नाकारण्याचे कारण नाही: वीज बंद करून बटणाच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा, बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, दहा मिनिटे वाळू द्यावे आणि मगच प्लग लावावा.