जुन्या एसयूव्हीचा ‘टक्क’ आवाज आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस

रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकलं की गाडीखालून ‘टक्क’. गिअरबॉक्सचंच काम निघालं, असं सगळे सांगत होते. मला पटेना, कारण गिअर पडताना झटका नव्हता, नुसता लोखंडी आवाज होता.

चाकांना पुढूनमागून अडण लावली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, हाताने पिळून पाहिला. मागच्या क्रॉसला (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा होता, त्याच्या टोकांवरच्या कपांभोवती तांबूस भुकटी. कपातलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया (बारीक रोलर) कोरड्या घासल्या की अशीच भुकटी येते.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने एकमेकांना जोडलेल्या चकत्या) खुणा केल्या. जसा होता तसाच बसवला नाही, तर बॅलन्स बिघडून वेगात थरथर येऊ शकते. शाफ्ट निघाला की ऑटोमॅटिकचा ‘पी’ (पार्किंग) मागच्या चाकांना धरत नाही, म्हणून अडण हवीच.

सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढून जुने कप व्हाइसमध्ये सॉकेट लावून दाबून काढले. खरी कटकट नवे बसवताना. कपातली एखादी सुई आडवी पडली की कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. तिथे हातोडा चालवू नये. कप काढून सुया ग्रीसने भिंतीला चिकटवाव्यात. बसवल्यावर क्रॉस जड फिरत होता, योकच्या (क्रॉस धरणारा दुबेळका) कानांवर हलके ठोके दिल्यावर मोकळा झाला. मग चारही सीलमधून डोकावेपर्यंत ग्रीस भरलं. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले.

आवाज गेला. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.